दुसऱ्या दिवशीचे दोन दीनार

संडे स्कूलमध्ये येशूनं सांगितलेली शोमरोनी माणसाची गोष्ट सांगतात तेव्हा ती बहुतेक वेळा गाढवापाशीच संपते. लुटारूंनी अर्धमेला केलेला माणूस रस्त्यात पडलाय, याजक बघून पलीकडून निघून गेला, मंदिराच्या सेवेतला लेवीही गेला, आणि ज्यांच्याशी यहुदी लोक व्यवहार ठेवत नसत त्या शोमरोन्यांपैकी एक जण थांबला. त्यानं जखमा बांधल्या आणि जखमीला उचलून आपल्या जनावरावर घातलं. भिंतीवरच्या चित्रातही एवढंच असतं. लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय मात्र पुढे उतारशाळेत जातो, तिथे रात्र काढतो, आणि पस्तिसाव्या वचनात दुसरा दिवस उजाडतो. शोमरोनी दोन दीनार काढून उतारशाळेच्या मालकाच्या हातात ठेवतो, याच्याकडे बघ म्हणतो, जास्त खर्च आला तर परत येताना देईन असं सांगतो आणि आपल्या कामाला निघून जातो.

दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराचा एका दिवसाचा रोज. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा मालक मजुरांशी हाच दर ठरवतो. महिन्याला 30,000 रुपये मिळवणाऱ्याच्या हिशेबात ते 2,000 रुपये झाले. सर्वस्व ओतलं असं नव्हे, पण खिशातली चिल्लरही नव्हे. शोमरोन्यानं प्रवास रद्द केला नाही, जखमीला घरी नेलं नाही, महिनाभर उशाशी बसला नाही. सामानातलं तेल आणि द्राक्षारस वापरला, हाताला येणारं काम स्वतः केलं, उरलेलं ज्याचा तो धंदाच आहे त्याच्यावर सोपवलं, आगाऊ पैसे दिले आणि परत यायचं कबूल केलं. दयेचा इतका नेटका हिशेब शास्त्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पहिल्या दिवशी आपण सगळेच बरे असतो. कुणाचा अपघात झाला, कुणाच्या घरी कुणी गेलं, तर पुण्यातली ख्रिस्ती मंडळी कॅम्पातून, येरवड्यातून, पिंपरीतून तासाभरात जमतात, आणि त्यात खोटं काही नसतं. गळती लागते ती दुसऱ्या दिवसापासून. गलतीकरांस पत्रात आत्म्याचं फळ म्हणून जी नऊ नावं आली आहेत त्यांत सहनशीलता, विश्वासूपणा आणि इंद्रियदमन आहे. यातलं एकही एका दिवसात दाखवता येत नाही. विश्वासूपणा तर व्याख्येनंच दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

दवाखान्यापासूनच सुरुवात करू, कारण आजाऱ्याला भेटणं ही आपल्याकडे सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात जास्त बिघडणारी सेवा आहे. उपासना सुटल्यावर सात-आठ जण रिक्षा-स्कूटरवरून ससूनला किंवा कुठल्याशा खाजगी दवाखान्यात पोचतात. दारावरचा माणूस पासवरून अडवतो, त्याच्याशी हुज्जत होते. आत गेल्यावर कुणी पलंगावरच टेकतं, सलाइनची नळी ओढली जाते. “काय झालं, कसं झालं” हे पेशंट सकाळपासून सहाव्यांदा सांगतो. त्यावर एक ताई आपल्या जावेच्या दिराला अगदी हेच झालं होतं, असं सांगून पुढचं सांगायचं टाळतात, आणि ते न सांगितलेलंच पेशंटला रात्रभर पुरतं. मग मोठ्यानं दहा मिनिटं प्रार्थना. शेजारच्या खाटेवरचा माणूस डोळे मिटून पडलेला असतो, तो भक्तिभावानं नव्हे. निघताना मोसंब्यांची पिशवी ठेवली जाते, आणि पेशंटला डॉक्टरांनी तोंडानं काही द्यायचं नाही असं सांगितलेलं असतं.

बरी भेट कशी असते? आधी पेशंटला नव्हे, सोबतच्या माणसाला फोन करायचा आणि येऊ का, कधी येऊ हे विचारायचं. दोघांनीच जायचं. सर्दी-खोकला असेल तर जायचंच नाही. हात धुऊन आत जायचं, खुर्ची किंवा स्टूल ओढून बसायचं, म्हणजे पेशंटला मान वर करावी लागत नाही. दहा मिनिटं पुरतात. आजाराचा तपशील त्यानं सांगितला तर ऐकायचा, खोदायचा नाही. “प्रार्थना करू का?” हे विचारायचं, आणि “आत्ता नको” हे उत्तर आलं तर तेही चालवून घ्यायचं. प्रार्थना त्याचं नाव घेऊन, हळू आवाजात, दोन मिनिटांच्या आत. वाचायचंच असेल तर तेविसावं स्तोत्र सहा वचनांचं आहे आणि एकशे एकविसावं आठ वचनांचं. दोन्ही थकलेल्या माणसाला झेपतात. शुद्धीवर नसलेल्या पेशंटजवळ त्याच्याविषयी कुजबुजायचं नाही, त्याला ऐकू येत असतं असंच धरून चालायचं.

हे सगळं झालं तरी तो पहिलाच दिवस. खरं काम सोबतच्या माणसाचं असतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तिसऱ्या रात्रीनंतर त्याला झोपेची गरज असते. रात्री नऊ ते सकाळी सहा अशी एक पाळी कुणी घेतली तर ती दहा भेटींच्या वरची. सोबत काय न्यायचं तेही ठरलेलं असावं: चादर, पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर, सुटे पैसे, वही-पेन, आणि पेशंटच्या आधार व रेशनकार्डाच्या झेरॉक्स. वहीत डॉक्टर राउंडला काय बोलले, कुठलं औषध किती वाजता दिलं आणि कोणती तपासणी सांगितली हे तारखेसह लिहायचं. सकाळी पाळी बदलताना ती वही पुढच्याच्या हातात द्यायची. वही नसली की प्रत्येक नवा माणूस नर्सला तेच प्रश्न विचारतो आणि नर्सही माणूसच असते. डिस्चार्जच्या दिवशी तर घरचं माणूस बिलाच्या रांगेत, औषधाच्या दुकानात आणि गाडी शोधण्यात विभागलेलं असतं. त्या दिवशी जो येतो तो शोमरोन्याच्या वाटेवरचा माणूस.

पैशाचा प्रश्न याच टप्प्यावर उभा राहतो, आणि इथे करुणेपेक्षा माहिती जास्त कामाला येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य या सरकारी योजनेत असलेल्या दवाखान्यात रुग्णाला योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन पहिल्याच दिवशी तिथे जायचं, बिल झाल्यावर नव्हे. ट्रस्टच्या दवाखान्यांना सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम 41 कक खाली 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा योग्य रेशनकार्ड लागतं आणि दवाखान्याच्या समाजसेवकाला भेटावं लागतं. ही व्यवस्था कायद्यानं दिलेली असताना मंडळीत पेटी फिरवून 40,000 रुपये गोळा करणं आणि ते मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवर भरणं यात प्रीती आहे, शहाणपण नाही. दर मंडळीत दोन माणसांना तरी हे कागद पाठ असले पाहिजेत. “सापांसारखे चतुर आणि कबुतरांसारखे निरुपद्रवी” व्हायला सांगितलंय, त्यातला दुसरा भागच आपण उचलला.

रक्तदानाचंही असंच. गुड फ्रायडेला शिबिर भरवण्याची कल्पना फार सुंदर आहे आणि ती पुण्यातही रुजली आहे. पण प्लेटलेट पाच दिवस टिकतात, तांबड्या पेशी फार तर पाच-सहा आठवडे. सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं की मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि लोक गावाला असताना, रक्तपेढीचं कपाट पुन्हा रिकामं. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. वय 18 च्या वर, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन किमान 12.5. गुड फ्रायडेला ज्यानं दिलं त्यानं फोनच्या कॅलेंडरमध्ये जुलैची तारीख तिथेच टाकायची. ज्यांना गुड फ्रायडेला जमलं नाही त्यांना हिणवू नये, उलट मे आणि ऑक्टोबरसाठी राखून ठेवावं.

मरणाच्या घरी पहिला दिवस तर आपण चोख करतो. पेटी, कबरस्तान, फुलं, गाणारी मंडळी, शेजारून आलेला चहा. तिसऱ्या आठवड्यात मात्र फोन वाजायचा थांबतो, आणि नेमकी तेव्हाच कागदांची रास उभी राहते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखाना कळवतो, घरी झाला तर घरच्यांना कळवावं लागतं. दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढून ठेवाव्यात: बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, गॅस, वीजबिल, प्रत्येकाला एक हवी असते. नावाचं स्पेलिंग दाखल्यावर, आधारवर आणि पासबुकावर सारखं आहे का हे तिथल्या तिथे तपासायचं. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याचं नाव एक, शाळेतलं दुसरं आणि गल्लीतलं तिसरं असतं, आणि पुढचे सहा महिने त्या एका अक्षरापायी जातात. विधवा बाईबरोबर क्षेत्रीय कार्यालयात दोन सकाळी जाऊन बसणं हे आजच्या काळातलं विधवांचा समाचार घेणं आहे. नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबानं शुद्ध धर्माचरणाची जी खूण सांगितली त्यात अनाथ आणि विधवा हीच दोन नावं आहेत.

याच घरात आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी व्यासपीठावरून कुणी बोलत नाही. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 लागू होतो. विधवेला एकतृतीयांश आणि उरलेलं मुलांना समान. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. प्रत्यक्षात शोकाच्या महिन्यात भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतात, “तुझं लग्नात केलंच होतं की” म्हणतात, आणि ती रडत रडत सही करते. त्या दिवशी घरात प्रार्थनासभाही असते. चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींना हे कळलं तर त्यांनी बहिणीला एवढंच सांगावं: तीन महिने कुठल्याच कागदावर सही करू नकोस, मग वकिलाला दाखव. भावाला मात्र जरा जास्त सांगावं. नीतिमत्त्वाची भूक-तहान लागली पाहिजे असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे. ती भूक घरातल्या सातबाऱ्यापाशी मरते, असा आपला अनुभव सांगतो.

आता जिभेकडे. याकोबाच्या तिसऱ्या अध्यायात जीभ म्हणजे विस्तव असं म्हटलंय, आणि तो विस्तव आजकाल प्रार्थनासाखळीतून, म्हणजे प्रार्थनेचे विषय एकमेकांना कळवायच्या ग्रुपमधून, फिरतो. “प्रार्थनेसाठी सांगते हं, कुठे बोलू नका” या वाक्यानं सुरू झालेली बातमी क्वार्टर गेटपासून निगडीला पोचायला उपासना सुटायची वाट बघत नाही. अमुकच्या मुलीचं मोडलं, तमुकच्या नवऱ्याची नोकरी गेली, अमकीला गाठ निघाली. बोलणारीला आपण कुटाळकी केली असं वाटतही नाही, कारण शेवटी “प्रभू त्यांना सांभाळो” म्हटलेलं असतं. उपाय साधा आहे. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याची परवानगी घ्यायची, आणि काय सांगू, नाव घेऊ का हेही विचारायचं. परवानगी नसेल तर “एका घरासाठी” एवढं पुरे, ज्याच्यापुढे प्रार्थना करायची त्याला पत्ता ठाऊक असतो. रिपोर्टचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. आणि आठवड्यानं त्या घरी विचारायचं, कसं आहे आता? साखळीवर दोनशे हात जोडलेल्या खुणा पडतात आणि हा आठवड्यानंतरचा फोन करणारे दोन असतात.

दानाबद्दल थोडक्यात. दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, मूळ पगाराचा की हातात येणाऱ्याचा हा वाद संपणारा नाही आणि त्यात फार रमणाऱ्यांकडून मंडळीला फारसं मिळतही नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये ही आज्ञा जास्त अवघड झाली आहे, कारण क्यूआर कोडवर पैसे टाकले की खजिनदाराला नाव दिसतं आणि काही दाते त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवरही टाकतात. मदत माणसाला करायची असेल तर एक गोष्ट आधी मनाशी ठरवावी: हे उसने की दिलेले? “बघू, जमेल तेव्हा दे” असं म्हणून दिलेले पैसे हे मैत्री तोडायचं सर्वात स्वस्त साधन आहे. देणारा वर्षभर वाट बघतो, घेणारा उपासनेत मागच्या बाकावर बसू लागतो आणि पुढे दुसऱ्या चर्चला जातो. उसने असतील तर रक्कम, तारीख आणि हप्ता कागदावर लिहावा. दिलेले असतील तर तसं स्पष्ट बोलून मोकळं व्हावं. मुलांची फी असेल तर जून उजाडायच्या आत शाळेच्या काउंटरवर भरावी आणि पावती घरी द्यावी. रोख हातात दिली की आधी उधारी भागते, आणि त्यात आईबापाचा दोष नसतो.

आणि ज्याचं देणं आहे ते दान नव्हे. घरकामाच्या मावशींचा पगार पाच तारखेच्या पुढे गेला तर तो उशीर नाही, पाप आहे. बायबलच्या लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत मजुराचा रोज दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका असं स्वच्छ लिहिलंय. आपण पंधरा दिवस गावाला गेलो तर त्या पंधरा दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, सुट्टी आपण घेतलीय, त्यांनी नाही. महिन्याला किती रजा, आजारपणात काय, नाताळ-दिवाळीला काय, पगार दर वर्षी कुठल्या महिन्यात आणि किती वाढणार, हे पहिल्याच दिवशी बोलून ठेवावं. म्हणजे त्यांना दर वेळी तोंड वेंगाडावं लागत नाही.

आणि कप. 1890 साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं आली, आणि मग गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणल्यावर शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक दोघांनाही त्यातून जावं लागलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ही हकिकत आपण ख्रिस्ती लोक जरा मिटक्या मारत सांगतो, कारण त्यात कर्मठ दुसरे होते. सांगून झाल्यावर आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बघावं. मावशींचा कप ओट्याखाली, कडी तुटलेला, वेगळा ठेवलेला असतो की नाही? प्रभुभोजनात एकाच प्याल्याला ओठ लावणाऱ्या घरात हा दुसरा कप कुठून आला, हा प्रश्न विचारायला परवा-तेरवाचा मुहूर्त लागत नाही. तो कप आज संध्याकाळी टाकता येतो.

क्षमेवर जास्त थांबायला हवं, कारण तिथे आपण दोन उलट चुका करतो. मत्तयच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्या आहेत. भावानं अपराध केला तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. तरीही नाही, तर मंडळीला सांग. आपण तिसऱ्या पायरीवरून सुरुवात करतो. वार्षिक सभेत उभं राहून, किंवा ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकून, “नाव घेत नाही पण समजणाऱ्याला समजेल” असं लिहून. समजतं सगळ्यांनाच, आणि मग समोरच्याला मागे फिरायला जागाच उरत नाही. पहिल्या पायरीचा सगळा अर्थ तोच आहे, की त्याला लाज न वाटता चूक मान्य करता यावी.

त्या एकट्या भेटीलाही रीत आहे. फोनवर किंवा मेसेजवर नको, समोरासमोर. त्याच्या घरी बायकामुलांसमोर नको, चर्चच्या आवारात प्रभुभोजनाच्या आधी पाच मिनिटांत उरकू असंही नको. वेळ मागून जायचं. एकच गोष्ट घ्यायची, तारखेसह: “गेल्या कमिटीत तुम्ही हिशेबावर जे बोललात त्यानं मला लागलं.” “तुम्ही नेहमीच” हे दोन शब्द आले की बोलणं वीस वर्षं मागे जातं. सांगून झालं की गप्प बसायचं. ही गप्प बसायची मिनिटं सर्वात जड जातात, आणि बहुतेक लोक ती न सोसून स्वतःच पुन्हा बोलू लागतात आणि सगळं बिघडवतात. आपणच अपराधी असू तर “तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी” हे वाक्य वापरायचं नाही. काय केलं ते नाव घेऊन म्हणायचं आणि भरपाई काय करू ते विचारायचं. जक्कय या जकातदारानं माफी मागताना चौपट परत द्यायची भाषा केली होती. मग दुसऱ्या रविवारी त्याच माणसाला आधी आपण सलाम करायचा. समेट झाला की नाही हे त्या सलामावर कळतं.

दुसरी चूक जास्त घातक. सत्तर वेळा सात क्षमा करा हे वचन मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. पाळकांच्या, वडीलमंडळींच्या समोर नवरा रडतो, हात जोडतो, सगळे प्रार्थना करतात आणि तिला त्याच रात्री त्याच खोलीत परत पाठवतात. याला क्षमा म्हणत नाहीत. क्षमा म्हणजे सूड सोडणं. विश्वास परत देणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती वागणुकीवर, वेळेवर, मिळवावी लागते. मंडळीच्या पैशात ज्यानं अफरातफर केली त्यालाही क्षमा करता येते आणि तरी खात्यावर दोन सह्या ठेवून त्याची सही काढून टाकता येते. मार खाणाऱ्या बाईसाठी आधी सुरक्षित जागा, मग डॉक्टरांकडे जखमांची नोंद, मग बाकीचं बोलणं. 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक पाळकसाहेबांच्या फोनमध्ये असलेच पाहिजेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा तिला राहत्या घरातून काढू देत नाही आणि संरक्षणाचा आदेश मिळवून देतो. दोघांना एकाच टेबलाशी बसवून समुपदेशन करू नये, ती नवऱ्यासमोर खरं बोलणार नाही, आणि बोलली तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजेल. क्षमा कधी करायची हे तिचं तिला ठरवू द्यावं. आपल्या सोयीच्या तारखेला ती मागू नये.

पंडिता रमाबाईंचं नाव पुण्यात या विषयावर लिहिताना टाळता येत नाही, पण त्यांच्या श्रद्धेपेक्षा त्यांची तयारी मला नेहमी मोठी वाटते. विधवांसाठी त्यांनी काढलेलं शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं. त्याचं उत्पन्न परक्यांच्या देणग्यांवरच राहू नये म्हणून बाईंनी दौंडकडच्या केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. नंतर 1896–97 चा दुष्काळ पडला, त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. तेव्हा त्यांना ठेवायला जमीन होती, पाणी होतं. त्यांना विणकाम, छपाई, शेती शिकवली. नुसता कळवळा असता तर त्या मुली कुठल्या तरी धर्मशाळेच्या ओसरीवर असत्या आणि वर्षाच्या आत पांगल्या असत्या. दुष्काळ आल्यावर विहीर खणता येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मंडळीच्या कमिटीला मात्र दर वेळी नव्यानं कळतं.

उरला प्रश्न करणाऱ्यांचा. कुठल्याही मंडळीत सेवेची यादी काढली की तीच चार नावं निघतात. त्यांतल्या तीन बायका असतात आणि एक पाळकबाई. त्या दवाखान्यात जातात, मरणाच्या घरी स्वयंपाक करतात, नाताळाच्या करंज्या तळतात, आणि मग एक दिवस काही न बोलता यायच्या बंद होतात. लोक म्हणतात, विश्वास थंड पडला. थंड काही पडलेलं नसतं, कंबर गेलेली असते. येशू स्वतः गर्दी सोडून एकांतात निघून जात असे, तेही लोक शोधत असताना. शोमरोनीसुद्धा आपल्या कामाला गेला, आणि त्याबद्दल त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही.

म्हणून पाळ्या लावाव्या लागतात. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या, प्रत्येक कामाला दोन नावं, एक मुख्य आणि एक बदली. दवाखाना, डबा, कागदपत्रं, रात्रपाळी असे वेगळे गट करावेत. ज्याला बोलता येत नाही त्याला डबा पोचवता येतो, ज्याला घराबाहेर पडता येत नाही त्याला फोन करता येतो. डबा पाठवताना कमी तेल-मिठाचा, झाकण घट्ट, आणि परत द्यायची गरज नसलेल्या डब्यात. परक्याची भांडी धुऊन परत पोचवणं हे आजाऱ्याच्या घरावर आणखी एक ओझं असतं. पुरुषांची नावं रात्रपाळीत आणि कागदांच्या गटात आधी घालावीत, मागून घातली की ती राहतातच. यादी चर्चच्या फळ्यावर नको, गटाच्या प्रमुखाकडे असावी, म्हणजे कोण किती करतो याची शर्यत लागत नाही. आणि मे महिन्यात निम्मी मंडळी गावाला जाते, त्या महिन्याच्या पाळ्या ईस्टरच्या आठवड्यातच लावून घ्याव्या लागतात.